जॉन बॅरीचे हेरपट: पितळी झगमगाटाआडचा एकटा माणूस

उत्तररात्र

गेले तीन आठवडे माझा एक नेम चालू आहे. रात्री घर निजलं की दिवे मालवायचे, हेडफोन कानाला लावायचा आणि जॉन बॅरीचं एक अख्खं पार्श्वसंगीत मधे न थांबता ऐकायचं. चित्रपट बघायचा नाही, नुसतं ऐकायचं. जेम्स बाँडच्या अकरा चित्रपटांना बॅरीने संगीत दिलं. तेवढ्यावरच थांबणार होतो, पण त्याच वर्षांत त्याने बाँडखेरीज केलेले हेरपट हाती लागले आणि माझा सगळा अंदाजच फिरला. म्हणून चर्चामंचावर हा धागा.

मला काय वाटतं ते आधी सांगून टाकतो. बॅरी म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो ट्रम्पेट-ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांचा दणका. तो मलाही आवडतो. पण तो दणका म्हणजे हेराने अंगावर चढवलेला सूट आहे. सुटाच्या आत जो आहे तो एकटा आहे. कुणावर विश्वास टाकता येत नाही, कुणाजवळ मन मोकळं करता येत नाही. या माणसाला सूर दिला तो बॅरीने, आणि त्याच्या हेरसंगीताचा जीव मला तिथे सापडतो.

थोडी पूर्वपीठिका. बॅरीचा जन्म १९३३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कचा. वडिलांची चित्रपटगृहं होती, आई पियानो वाजवायची. म्हणजे पोर पडद्यासमोरच वाढलं. शाळकरी वयातच त्याला प्रोजेक्टर चालवता येत होता. यॉर्क मिन्स्टर या तिथल्या मोठ्या चर्चचे ऑर्गनवादक फ्रान्सिस जॅक्सन यांच्याकडे तो शिकला. पुढे सक्तीच्या लष्करी नोकरीत ट्रम्पेट वाजवला, जॅझचे वाद्यवृंद लिहिण्याचं शिक्षण टपालाने घेतलं आणि १९५७ मध्ये 'जॉन बॅरी सेव्हन' नावाचा ताफा काढला. चर्चचा ऑर्गन, जॅझचं पितळ आणि साठच्या दशकातली इलेक्ट्रिक गिटार. ही तिन्ही त्याच्या बाँडमध्ये एकमेकांत मिसळलेली ऐकू येतात. ऑर्गनवाल्याला सूर लांबवायचा धीर असतो, तो धीर बॅरीत शेवटपर्यंत टिकला.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. १९६५ चा 'द इप्क्रेस फाइल'. निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, म्हणजे बाँडच्या दोन निर्मात्यांपैकी एक. नेपथ्य केन अ‍ॅडमचं, संकलन पीटर हंटचं, संगीत बॅरीचं. बाँड उभा करणाऱ्याच मंडळींनी बाँडच्या अगदी उलटा हेर उभा केला. हॅरी पामर. चष्मा लावणारा, पगारवाढीची चिंता करणारा, वरिष्ठांची बोलणी खाणारा. भूमिका मायकल केनची.

त्याची श्रेयनामावली बघा. गजर वाजतो. पामर डोळे उघडतो आणि समोरचं सगळं धूसर, कारण चष्मा अजून लावलेला नाही. चष्मा लावतो, चित्र स्पष्ट होतं. उठतो, पडदे सारतो, कॉफीच्या बिया दळतो. अंथरुणात काहीतरी चाचपतो, तर पिस्तूल निघतं. एवढंच. आणि या साध्या सकाळीवर बॅरी काय वाजवतो? सिम्बलम. हे हंगेरीचं वाद्य. आपल्या संतूरच्या घराण्यातलं, पण आकाराने टेबलाएवढं, दोन काठ्यांनी वाजवायचं. काठी तारेवर पडते, टणत्कार उठतो आणि विरतो. विरतानाचा तो थरथरता शेवट पोकळ खोलीसारखा वाटतो. खाली बासरी खालच्या पट्टीत फिरते. सुरावट घाईत नाही, कुठे पोचायचंय असंही दाखवत नाही, स्वतःभोवतीच घुटमळत राहते. तबकडीवर या सुरावटीला नाव दिलं आहे 'अ मॅन अलोन'. एकटा माणूस. हे नाव मी वाचलं तेव्हा अक्षरशः उठून बसलो, कारण आठवडाभर मी तेच ऐकत होतो.

वर्षभर आधी, १९६४ मध्ये, याच माणसाने 'गोल्डफिंगर' केला होता. सगळं पितळ, सगळा लखलखाट. ते करणाऱ्याला इथे किती कमी वाजवायचं हे कळलं.

दुसरा, १९६६ चा 'द क्विलर मेमोरँडम'. बर्लिन शहर, पटकथा हॅरॉल्ड पिंटरची, नायक जॉर्ज सीगल. हा हेर पिस्तूलसुद्धा बाळगत नाही. याची मुख्य सुरावट अंगाईसारखी आहे, लहान मुलाच्या चावीच्या खेळण्यातून निघावी तशी. मॅट मन्रोने तिचं गाणं गायलं आहे, 'वेन्सडेज चाइल्ड'. बुधवारी जन्मलेलं मूल दुःखी असतं अशी इंग्रजीत एक जुनी बालकविता आहे, हे नाव तिथूनच आलेलं. नव-नाझींच्या मागावर असलेल्या माणसासाठी बॅरी अंगाई लिहितो! मला तर वाटतं की भीतीचं संगीत देणं त्यामानाने सोपं. इथे ज्याला कुणी कुशीत घेणार नाही त्याच्यासाठी अंगाई आहे, आणि ती ऐकताना पोटात कालवतं.

बाँडकडे नंतर वळूच. तुम्ही बॅरीचं काय काय ऐकलं आहे, तुम्हाला त्यात काय ऐकू येतं, ते लिहा.

पडद्यामागे

सुरेख धागा. बाँडच्या मूळ थीमचा विषय निघेलच, तर तो आधी मांडून ठेवतो, कारण त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

१९६२ च्या 'डॉ. नो'चा, म्हणजे पहिल्या बाँडपटाचा, संगीतकार बॅरी नव्हता, मॉन्टी नॉर्मन होता. थीम नॉर्मनच्या नावावर आहे. तिचं संगीत संयोजन बॅरीने केलं. त्याला ऐन वेळी बोलावण्यात आलं आणि अडीचशे पौंड देण्यात आले. पुढे चित्रपटगृहात जाऊन बघतो तर आपलं संयोजन सगळ्या चित्रपटभर वाजतंय, असा अनुभव त्याने नंतर सांगितला आहे. थीम नक्की कुणाची यावर वाद झाला, तो लंडनच्या कोर्टात गेला. एका वृत्तपत्राने श्रेय बॅरीचं असल्याचं छापलं म्हणून नॉर्मनने बदनामीचा दावा लावला होता. २००१ मध्ये ज्युरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला, तीस हजार पौंडांची भरपाई मिळाली. म्हणजे सुरावट नॉर्मनची, हे कायद्याने ठरलेलं आहे.

पण यातली आपल्याला जवळची गोष्ट वेगळीच आहे. नॉर्मनने ती सुरावट आधी दुसऱ्याच गाण्यासाठी केली होती. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक संगीत नाटक करायचं घाटत होतं. कादंबरीतली माणसं त्रिनिदादमध्ये स्थायिक झालेली भारतीय. त्यातलं गाणं होतं 'बॅड साइन, गुड साइन', शकुन-अपशकुनाचं. गाणारा सांगतो की मी जन्मलो तोच अपशकुनी शिंकेसह! नाटक रंगमंचावर आलं नाही, गाणं पडून राहिलं. 'डॉ. नो'च्या वेळी नॉर्मनने तेच बाहेर काढलं आणि त्याचे सूर तुटक करून गिटारला दिले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध हेराच्या सुरावटीचं मूळ आपल्याकडच्या शिंकेच्या अपशकुनात आहे. ही गोष्ट मला प्रचंड आवडते.

गिटार वाजवली होती विक फ्लिकने, 'जॉन बॅरी सेव्हन'मधल्याच. तार जोरात, ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) जवळ छेडलेली, म्हणून तो सूर इतका दणकट आणि टोकदार येतो. नॉर्मन २०२२ मध्ये गेले, फ्लिक २०२४ मध्ये.

पेटीवाली

उत्तररात्र, धागा वाचता वाचता उठले आणि पेटी काढली. तुम्ही म्हणता तो एकटेपणा स्वरांत कुठे आहे ते शोधावं म्हटलं. मला जे सापडलं ते लिहिते. घरी पेटी असेल त्यांनी जरूर करून बघा.

गिटारची ओळ आधी. कुठलीही पट्टी घ्या, गंधार कोमल. सा रे रे रे रे सा सा सा, सा ग ग ग ग रे रे रे. बस. तीन स्वर. सा सोडून फार लांब जायचं नाही, दोन पावलं पुढे आणि परत. पहाऱ्यावरच्या माणसाच्या येरझाऱ्या असतात ना, तशी ओळ आहे. मग एकदम वर उडी: शुद्ध नी, कोमल नी, तिथून खाली प, म, प.

त्याखाली जे हलतं ते अजून भारी. सा आणि कोमल ग दाबून ठेवा आणि तिसऱ्या बोटाने वाजवत राहा: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, परत कोमल धैवत. प ध ध ध, पुन्हा पुन्हा. एकेक पट्टी वर सरकायचं, एकेक पट्टी खाली यायचं. घरात कुणीतरी चोरपावलांनी जिना चढतंय, वरच्या पायरीवर थबकतंय, एक पायरी उतरतंय. नुसत्या एका बोटाची करामत आहे ही! मी दहा मिनिटं तेवढंच वाजवत होते.

शेवटचा गिटारचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, मात्र एका हाताने जमेना. सा, कोमल ग, प, शुद्ध नी आणि वरचा रे. बोटं पुरतात, पण वरच्या रेपर्यंत हात ताणला जात नाही. धाकट्या बहिणीला भाता मारायला बसवलं आणि दोन्ही हातांनी वाजवला. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद ही जोडी आपल्याला पटदीपमधून ओळखीची आहे, तिथेही ती हुरहूर लावते. पण पटदीपात नी वरच्या सा वर जाऊन विसावतो. इथे नी तिथेच राहतो, वर रे येऊन बसतो आणि गाणं संपतं! मिटवायची गोष्ट न मिटवता उठून जाणं आहे हे. बहीण म्हणाली, "ताई, संपलं का अजून आहे?" तोच तर प्रश्न तो कॉर्ड विचारतो.

हा राग वगैरे आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. स्वरांची ओळख पटावी म्हणून आपल्या भाषेत सांगितलं.

उत्तररात्र

पेटीवाली, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. जिन्याची उपमा आता डोक्यातून जाणार नाही. बॅरीने ती सरकणारी ओळ पुढे पंचवीस वर्षं वापरली. कधी व्हायोलिनमध्ये, कधी खोल ट्रॉम्बोनमध्ये, कधी इतकी हळू की आहे हे लक्षातही येऊ नये. १९८७ च्या त्याच्या शेवटच्या बाँडपटातसुद्धा, 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये, ती इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर सापडते. त्या चित्रपटाच्या शेवटी चेलोची मैफल आहे, तिथे वाद्यवृंदासमोर उभा असलेला माणूस खुद्द बॅरी आहे, नीट बघा.

पडद्यामागे, शिंकेची गोष्ट मला नवीन. मनापासून आभार.

पितळी_सूर

मी मात्र थोडा भांडणार आहे. 'पितळ म्हणजे सूट, आतला माणूस वेगळा' हे मला पटत नाही. तुम्ही दणक्याला कवच म्हणून बाजूला काढून ठेवता. माझ्यासाठी दणका हाच आत्मा आहे, आणि तो असा कुणीही वाजवू शकत नाही.

'गोल्डफिंगर'ची सुरुवात आठवा. पहिला कॉर्ड उजळ, भरदार. पुढचा कॉर्ड कोमल धैवतावरचा, ज्याची अपेक्षाच नसते. पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. लगेच ट्रम्पेट तोंडावर म्यूट (आवाज दाबणारं झाकण) धरून 'वाआ-वाआ' करत वर येतात, चिडवल्यासारखे. त्या दोन कॉर्डमध्ये श्रीमंती आहे आणि धोका आहे. गायिका शर्ली बॅसीच्या तोंडून पहिला शब्द निघण्याआधी खलनायक खोलीत येऊन उभा राहिलेला असतो.

आणि सगळ्या संगीतात धातू आहे हो. झांजा, घंटांची किणकिण, पितळ. सोन्याच्या वेडाची गोष्ट आहे तर वाद्यवृंदच धातूचा करून टाकला. फोर्ट नॉक्सवरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या कोठारावरच्या, पहाटेच्या हल्ल्याचा तुकडा ऐका. स्नेअर ड्रम शिस्तीत चालू होतो, त्यावर एकच छोटं वाक्य, पुन्हा पुन्हा, दर वेळी एक थर वाढवत. घाई नाही, आरडाओरडा नाही. मारामारीच्या प्रसंगाला आजकाल सगळी वाद्यं एकदम धावत सुटतात, बॅरी चालतो. चालतो म्हणून भीती वाटते.

लोकांनीही तेव्हा डोक्यावर घेतलं. १९६५ मध्ये 'गोल्डफिंगर'ची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पार्श्वसंगीताची तबकडी! आणि गंमत म्हणजे निर्माते सॉल्ट्झमन यांना हे गाणं मुळीच पसंत नव्हतं.

पडद्यामागे

'गोल्डफिंगर'वरून आठवलं. मायकल केनला तेव्हा राहायला जागा नव्हती, तो बॅरीच्या घरी मुक्कामाला होता. रात्रभर पलीकडच्या खोलीतून पियानोचा आवाज, डोळ्याला डोळा नाही. सकाळी बॅरीने रात्रभर घडवलेली चाल त्याला वाजवून दाखवली. ते गाणं ऐकणारा जगातला पहिला माणूस केन. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. आणि पुढच्याच वर्षी तो हॅरी पामर झाला, 'इप्क्रेस'चा. म्हणजे उत्तररात्र आणि पितळी_सूर ज्या दोन टोकांवरून भांडताय, ती दोन्ही टोकं एका घरात राहत होती.

गीतकार लेस्ली ब्रिकस आणि अँथनी न्यूली. बॅरीने चालीचे पहिले तीन सूर वाजवून दाखवले तर या दोघांनी एका सुरात 'मून रिव्हर' या गाजलेल्या गाण्याची पुढची ओळ गायला सुरुवात केली, कारण ते तीन सूर तसेच आहेत. चौथ्या सुरापासून रस्ते वेगळे होतात.

जुनी_कॅसेट

मी सहसा फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांकडे लुई आर्मस्ट्राँगची एक कॅसेट होती. त्यात 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड' हे गाणं होतं. बाबा ते रविवारी दाढी करताना लावायचे. मला वाटायचं, हे एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचं निवांत प्रेमगीत आहे. आयुष्य सरलं, आता वेळच वेळ आहे, असं काहीसं. ते बाँडपटातलं आहे हे बाबांनाही ठाऊक नसावं.

पुष्कळ वर्षांनी 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' बघितला आणि गाण्याचा अर्थच पालटला. बाँडचं लग्न होतं, नवराबायको गाडीतून निघतात, वाटेत थांबतात आणि बायकोला गोळी लागते. तिला कुशीत धरून तो पोलिसाला सांगतो, ती जरा विश्रांती घेतेय, घाई नाही, आपल्याजवळ वेळच वेळ आहे. चित्रपट तिथे संपतो. मला बाबांचा दाढीचा साबण आणि ती कॅसेट आठवली आणि रडू आवरेना. ते आता नाहीत.

उत्तररात्र, तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के पटतं. वेळ नसलेल्या माणसासाठी लिहिलेलं गाणं आहे ते.

उत्तररात्र

जुनी_कॅसेट, लिहिलंत हे फार बरं केलंत.

या गाण्याबद्दल जे माहीत आहे ते सांगतो. १९६९ चा चित्रपट. शब्द हॅल डेव्हिडचे. आर्मस्ट्राँगला घ्यायचं ही बॅरीची कल्पना. त्याला असा आवाज हवा होता ज्यात वय ऐकू येईल. आर्मस्ट्राँग तेव्हा आजारी होता, ट्रम्पेट वाजवण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून या ध्वनिमुद्रणात तो फक्त गायला. रेकॉर्डवरचा ट्रम्पेट दुसऱ्याने वाजवलेला आहे. जन्मभर ट्रम्पेट हातात धरलेला माणूस तो बाजूला ठेवून गातो की आपल्याजवळ सगळा वेळ आहे. दोन वर्षांत, जुलै १९७१ मध्ये, तो गेला. गाणं तेव्हा फारसं चाललं नाही. १९९४ मध्ये एका जाहिरातीत वाजलं आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे २०२१ च्या 'नो टाइम टु डाय'मध्ये हान्स झिमरने ती सुरावट पुन्हा वापरली आणि शेवटी आर्मस्ट्राँगचाच आवाज ठेवला. म्हणजे बाँडच्या दुःखाची खूण म्हणून अर्ध्या शतकानंतरही बॅरीकडेच यावं लागलं.

त्याच चित्रपटाची शीर्षकधूनही जरूर ऐका. शब्द नाहीत, कारण एवढं लांबलचक सरकारी नाव गाण्यात बसवायचं कसं? बॅरीने नुसती वाद्यं ठेवली आणि तळाशी मूग सिंथेसायझर (विजेवर सूर काढणारं वाद्य) घातला, जो १९६९ मध्ये चित्रपटांना अगदी नवा होता. तो खर्जात घरघरत पायऱ्या उतरतो आणि वर पितळ त्याला उत्तर देतं. पितळी_सूर, हे तुमच्यासाठी. इथे मी तुमच्याशी भांडत नाही, इथला दणका मलाही सूट वाटत नाही.

नवश्रोता

मी बाँडपट पाहिलेत पण संगीत असं कधी ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? आणि एक शंका, 'ऑक्टोपसी'चं चित्रीकरण उदयपूरला झालं होतं ना? त्यात आपल्याकडचं काही संगीत आहे का?

पडद्यामागे

'ऑक्टोपसी' १९८३ चा, हो, उदयपूर. कबीर बेदी आहेत, टेनिसपटू विजय अमृतराज आहेत. अमृतराज गारुड्याच्या वेषात घाटावर बसलेले असतात आणि बाँडला ओळख पटावी म्हणून पुंगीवर बाँडचीच थीम वाजवतात! बिस्वासच्या गाण्यातून निघालेली सुरावट वीस वर्षांनी पुंगीवर येऊन बसली, असं आता शिंकेची गोष्ट कळल्यावर वाटतं. बाकी संगीतात बॅरीने भारतीय वाद्यांची गर्दी केलेली नाही, आपल्या लांब, संथ व्हायोलिनवरच भर ठेवला.

पेटीवाली

नवश्रोता, माझं ऐकाल तर १९६७ चं 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' शीर्षकगीत आधी ऐका. नॅन्सी सिनात्रा. व्हायोलिन वरून खाली पायऱ्या उतरत येतात, तेवढं डोळे मिटून ऐका. उतरण इतकी सुंदर आहे की १९९८ मध्ये रॉबी विल्यम्सने आपल्या 'मिलेनियम' गाण्याचा सगळा डोलारा त्यावर उभा केला. सिनात्रा ध्वनिमुद्रणाच्या वेळी खूप घाबरली होती, शेवटी पंचवीसएक टेकमधले चांगले तुकडे जोडून गाणं तयार झालं. ऐकताना सांधा कुठे दिसत नाही.

त्याच चित्रपटात अवकाशयान गिळलं जातं त्या प्रसंगाचा तुकडा, 'कॅप्सूल इन स्पेस'. एकच ओळ संथपणे चालत येते. पितळी_सूर यांनी वर लिहिलंय ना, बॅरी चालतो. इथे तर तो अंतराळात चालतो.

उत्तररात्र

पेटीवालींनी सांगितलेलं उत्तमच. त्यात माझी भर एवढीच की 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) चुकवू नका. बॅरीच्या हाती पूर्ण बाँडपट पहिल्यांदा तेव्हा आला. नॉर्मनच्या थीमवर किती दिवस जगायचं, असं वाटूनच की काय, त्याने स्वतःची दुसरी थीम केली, '००७' नावाची. सोव्हिएत वकिलातीतून सांकेतिक यंत्र पळवताना ती वाजते. ही थीम मोकळी, धावती, उत्साहाची आहे, नॉर्मनची थीम दबा धरून बसलेली. साहसाला एक सूर आणि सावधपणाला दुसरा, अशी वाटणी झाली.

'थंडरबॉल'चं (१९६५) पाण्याखालचं युद्ध मात्र मी नुसतं ऐकूच शकलो नाही, ते बघायलाच हवं. पाण्यात माणसं सावकाश हलतात, भाले सावकाश जातात. संगीतकाराला मोह होईल की आपण वेग आणावा. बॅरी पाण्याच्याच वेगाने जातो. याच चित्रपटाचं शीर्षकगीत गाताना टॉम जोन्सने डोळे मिटून शेवटचा सूर इतका लांबवला की डोळे उघडले तेव्हा खोली गरगरत होती, असं तो सांगतो.

१९७४ च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'वर बॅरी स्वतःच नाराज होता, जेमतेम तीन आठवडे मिळाले होते. मोटार गिरकी घेत नदी ओलांडते तिथे त्याने खेळण्यातल्या शिटीसारखा आवाज घातला आणि त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. मी ते एकदाच ऐकलं.

मला एक गोष्ट लागते ती सांगतो. बॅरीला पाच ऑस्कर मिळाले. 'बॉर्न फ्री'चे दोन, 'द लायन इन विंटर', 'आउट ऑफ आफ्रिका' आणि 'डान्सेस विथ वूल्व्ह्ज'. बाँडसाठी एकदाही नामांकनसुद्धा नाही. अकरा चित्रपटांसाठी एकदाही नाही. आज कुठल्याही देशातला हेरपट लावा, पहिल्या दहा मिनिटांत बॅरीचं काहीतरी कानावर येतं: सरकणारा धैवत, म्यूट लावलेला ट्रम्पेट नाहीतर सिम्बलमचा टणत्कार.

पितळी_सूर

एवढं एकच घराणं नाही हां. लालो शिफ्रिनचं 'मिशन: इम्पॉसिबल' (१९६६) विसरू नका. पाच मात्रांचा ठेका. दोन लांब ठोके, दोन आखूड. मोर्सच्या लिपीत दोन रेघा म्हणजे एम, दोन टिंबं म्हणजे आय. मालिकेची आद्याक्षरं ठेक्यातच दडलेली. तिथे हेरगिरी म्हणजे कोडं आहे, सगळी टोळी मिळून सोडवते. एकटेपणा नाही.

हे लिहिताना मलाच जाणवलं की बॅरीपेक्षा ते नक्की कशाने वेगळं वाटतं. उत्तररात्र, तुमच्या म्हणण्याला मी आपण होऊन पुरावा दिला की काय!

जुनी_कॅसेट

बॅरीचा शेवटचा चित्रपट कोणता?

उत्तररात्र

'इनिग्मा', २००१. तोही हेरगिरीचाच. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची उकल करणाऱ्यांची गोष्ट. १९८८ मध्ये बॅरीची अन्ननलिका फुटली होती, जिवावर बेतलं होतं, दोनेक वर्षं काम बंद. पुढचा बाँडपट त्यामुळेच दुसऱ्याकडे गेला. त्यातून उठल्यावर त्याने 'डान्सेस विथ वूल्व्ह्ज' केला आणि शेवटी हा. यात दणका जवळजवळ नाहीच. लांबच लांब व्हायोलिन, खाली पियानोचे मोजके सूर. नायक ज्या मुलीला शोधतोय ती सापडत नाही आणि संगीतही तिला हाका मारत फिरतं. ३० जानेवारी २०११ ला बॅरी गेला.

या कामात 'अ मॅन अलोन'चाच माणूस मला दिसतो, छत्तीस वर्षांनी थकलेला.

पितळी_सूर

धागा वर आणतोय. काल रात्री 'इप्क्रेस'ची श्रेयनामावली दोनदा बघितली. आधी आवाज पूर्ण बंद करून. एक माणूस उठतो, चष्मा लावतो, कॉफी दळतो. बरा दिसतो, घर नीटनेटकं ठेवतो, स्वयंपाकाची आवड असावी. मला तो सुखी वाटला.

मग आवाज लावून. सिम्बलमची पहिली काठी पडली आणि तोच माणूस, तीच कॉफी. पण आता माझं लक्ष गेलं ते याकडे की एवढ्या वेळात त्याच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. कॉफी एकाच माणसाची आहे. पिस्तूल अंथरुणात का ठेवावं लागतं हा प्रश्न पहिल्या खेपेला मला पडलाच नव्हता.

त्यानंतर 'गोल्डफिंगर' लावलं, मोठ्या आवाजात. ते दोन कॉर्ड अजूनही माझेच आहेत, ते मी सोडणार नाही. पण बॅसी शेवटचा सूर धरून ठेवते ना, तो संपल्यावरही मी थोडा वेळ हेडफोन काढला नाही.